मण्याला सुई, बाईला नुसता हात

शेतातून आलेल्या द्राक्षाला ताप असतो. खोटं वाटेल, पण मी तो बावीस वर्षं मोजला आहे. निफाड तालुक्यातल्या एका पॅकहाउसमध्ये, म्हणजे परदेशी जाणारी द्राक्षं जिथे निवडून, तोलून, डब्यांत भरतात त्या शेडमध्ये, मी सुपरवायझर होते. सकाळी पंचवटीतून कंपनीची जीप पकडायची आणि संध्याकाळी हाताला द्राक्षाचा चिकटपणा घेऊन घरी यायचं. निवृत्त झाले तरी खोड जात नाही. भाजीबाजारात घड दिसला की मी आधी देठ वाकवून बघते आणि भाजीवाली ओरडते, "मावशी, घ्यायचं तर घ्या, परीक्षा नका घेऊ!"

तर ताप. बागेतून तोडलेला घड उन्हाची ऊब पोटात घेऊन येतो. वरून हात लावला तर गार लागतो, पण मण्याच्या पोटात सुईचा थर्मामीटर खुपसला की खरं काय ते कळतं. ही ऊब काढली नाही तर बोटीतल्या तीन-चार आठवड्यांच्या प्रवासात मालाची वाट लागते. म्हणून डबे भरले की ते प्री-कूलिंगच्या खोलीत जातात. तिथे गार वाऱ्याच्या झोतात मणी आतपर्यंत थंड करायचा, सुई घालून खात्री करायची आणि मगच पुढे पाठवायचा. नव्या बायकांना मी पहिल्याच दिवशी बजावत असे, "हातावर विश्वास ठेवायचा नाही. हात फसवतो, सुई फसवत नाही." हे मी सांगत असे. मी!

आमचा हंगाम जानेवारी ते एप्रिल. हॉलमध्ये एसी, लांबलचक स्टीलची टेबलं आणि टेबलांपाशी उभ्या साठ-सत्तर बायका. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातात मोजे, अंगावर एप्रन. बांगड्या काढायच्या, टिकली काढायची, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत. टिकली डब्यात पडली आणि परदेशात कुणाच्या ताटात निघाली तर सगळा कंटेनर परत येईल, ही भीती. बाईनं एका हातात घड धरायचा, दुसऱ्या हातातल्या कात्रीनं फुटका, बारका, डागाळलेला मणी अलगद उडवायचा आणि घड डब्यात असा बसवायचा की वजन नेमकं यावं. मण्यावरची भुकटीसारखी पांढरी लव पुसली जाता कामा नये. बघायला सोपं वाटतं. आमचे मॅनेजर सोनवणे साहेब एकदा हौसेनं कात्री घेऊन उभे राहिले होते. अर्ध्या तासात त्यांनी एका घडाची केशरचना करून टाकली.

आणखी एक नियम होता, आणि त्याचीच ही गोष्ट आहे. आजारी बाईनं फळाला हात लावायचा नाही. त्यासाठी तब्येतीचं रजिस्टर असायचं. ताप, जुलाब, उलटी, खोकला, जखम, यातलं काही असेल तर त्या दिवशी घरी. परदेशी गिऱ्हाइकाच्या वतीनं ऑडिटला येणारा माणूस सगळ्यात आधी तेच रजिस्टर मागायचा. तापाची तपासणी माझ्याकडे. कोरोनाच्या वेळी कपाळासमोर धरायची बंदूक आली होती. तिचे सेल संपले तशी ती ड्रॉवरमध्ये गेली आणि माझा हात पुन्हा कामावर रुजू झाला. कपाळाला हात लावायचा, गरम लागलं की रजिस्टरमध्ये लिहायचं, "ताप. घरी पाठवले." पाठीमागे बायका मला 'फौजदार' म्हणत. मला ते आवडत असे, हेही कबूल करते.

चंद्रकला ही माझ्या पहिल्या लाइनवरची पहिली बाई. वय सेहेचाळीस, निफाडजवळच्याच एका गावची, नवरा रामनाथ दुसऱ्यांच्या बागांत छाटणीची कामं करणारा. तिच्या हातात काटा होता. घड उचलून ती नुसता झुलवायची आणि म्हणायची, "दोन मणी जास्ती हाय." काट्यावर ठेवला तर खरंच दोन मणी जास्त. चौदा हंगाम ती लाइनच्या तोंडाशी उभी होती आणि ती जागा तिला कुणी दिली नव्हती, तिनं हातानं मिळवली होती. गावात ती रामनाथची बायको असेल, कुणाची आई असेल, हॉलमध्ये ती एक नंबर होती.

त्या वर्षी जानेवारीतच काहीतरी बिनसलं. हॉलमध्ये इतका गारवा की अर्ध्या बायका एप्रनखाली स्वेटर घालून उभ्या, आणि ही बाई घामानं निथळतेय. मानेपासून लाली चढायची, टोपीखालून पाणी ओघळायचं. तिला धुसफूस करताना मी कधी पाहिलं नव्हतं, ती आता शेजारणीवर खेकसायची. एकदा तर वजन चुकलं. चंद्रकलाचं वजन चुकणं म्हणजे आमच्याकडे घड्याळ उलटं फिरण्यासारखंच.

मी कपाळाला हात लावला. चांगलंच गरम. "ताप आहे तुला. घरी जा."

"ताप नाय ताई. आत्ता व्हईल गार. येती आन् जाती."

"घामाचा एक थेंब मालावर पडला तर कंटेनर तू भरून देणार आहेस? जा."

ती गेली. आठ दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा मी हात लावला, पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा पाठवताना मी जरा आवाज चढवला. सगळ्या लाइनसमोर म्हणाले, "इथं निरोगी बाईच उभी राहील. आधी बरी हो, मग ये." तिनं मोजे काढून टेबलावर ठेवले आणि मान खाली घालून निघून गेली. मला वाटलं, चला, शिस्त राहिली.

चार दिवसांनी ती परत आली ती थेट माझ्या टेबलाशी. हॉलमध्ये बायका बोलायच्या त्या मास्कमधून, ओरडून. ही हळू आवाजात बोलत होती.

"ताई, पुढच्या सोमवारपासून मला दीड महिना सुट्टी पाहिजे. पिशवी काढायचीय."

आमच्या भागात 'पिशवी' म्हटलं की गर्भाशय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तिची पाळी वर्षभर वेडीवाकडी येत होती. दोन-दोन महिने पत्ता नाही आणि आली की दहा-बारा दिवस थांबायची नाही. त्यात अंगातून उठणाऱ्या या वाफा, रात्रीची झोप नाही, सांधे धरलेले. तालुक्याच्या गावातल्या एका दवाखान्यात दाखवलं, तर सोनोग्राफी बघून सांगितलं, पिशवी खराब झाली, काढून टाका, सगळी कटकट मिटेल.

"आणि तू लगेच तयार झालीस?"

"मग काय करू?" ती म्हणाली. "तुम्हीच म्हणल्या ना, निरोगी बाईच लायनीवर पाहिजे. एकदाची काढली म्हंजे घाम बी जाईल, अंगावर जायचं बी जाईल. पुढच्या हंगामाला मी माझ्या जागंवर. ती जागा तेवढी कुनाला दिऊ नका."

मी मान डोलावली आणि अर्जावर सही केली. हे पहिल्यांदा घडत नव्हतं. सात-आठ वर्षांपूर्वी ठकूबाई नावाची आमची एक बाई अशीच रजा मागायला आली होती, वय जेमतेम अडतीस. मी तिला हसून म्हणाले होते, "बरं झालं, मोकळी होशील." पिशवीबरोबर तिचे बीजकोषही काढले होते. हंगाम संपायच्या आत ती मोकळी झाली खरी, पण पुढच्या वर्षी आली तेव्हा दहा वर्षांनी म्हातारी दिसत होती. तासभर उभं राहवेना. तिसऱ्या हंगामाला आलीच नाही. ठकूबाई हुशार होती, तिच्या हाताला वळण होतं. तिला कुणीतरी थांबवायला हवं होतं, आणि त्या वेळी तिच्यासमोर बसलेली 'कुणीतरी' मीच होते.

चंद्रकलाच्या अर्जावर सही केली त्याच दुपारी मी प्री-कूलिंगच्या दाराशी उभी होते. हातात मण्यात घालायचा थर्मामीटर होता, पण मी काही मोजत नव्हते. छातीतून एक ऊब उठली होती, गळ्यावरून कानापर्यंत गेली होती, आणि मी दार किलकिलं करून आतला गारवा तोंडावर घेत होते. तेव्हा मला उमगलं की हे मी हंगाम सुरू झाल्यापासून करतेय. 'जरा टेंपरेचर बघून येते' असं म्हणत दिवसातून चार वेळा. माझं वय तेव्हा एक्कावन्न. माझी पाळीही वर्षभर लहरी झाली होती, पण सुपरवायझरला तसलं काही होत नसतं, अशी माझी ठाम समजूत होती. आणि सुपरवायझरच्या कपाळाला हात कोण लावणार?

मी ऑफिसात गेले, प्रथमोपचाराच्या पेटीतला साधा, जिभेखाली धरायचा थर्मामीटर काढला आणि तोंडात धरला. अंगातून वाफा निघत होत्या, ब्लाउज पाठीला चिकटला होता. थर्मामीटर म्हणाला, अठ्ठ्याण्णव. मी तो धुऊन, झटकून पुन्हा लावला. पुन्हा अठ्ठ्याण्णव.

द्राक्षाच्या एकेका मण्याच्या पोटात सुई घालून खात्री करणारी मी, आणि जित्या बाईच्या कपाळाला नुसता हात लावून मोकळी होत होते.

चंद्रकलाला ऑफिसात बोलावलं, खुर्चीत बसवलं आणि वाट बघत राहिले. तिला वाटलं माझं डोकं फिरलंय. पाऊण तासात वाफ आली. चेहरा लालबुंद, कपाळ तव्यासारखं. मी थर्मामीटर धुऊन तिच्या जिभेखाली ठेवला. अठ्ठ्याण्णव आणि वर दोन रेघा.

"ताप नाही तुला," मी म्हणाले.

"मी तेच म्हनत व्हते."

"हो."

"मग मला तीन डाव घरी काढलं ते?"

"ते माझं चुकलं."

वीस वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडून लाइनवरच्या बाईसमोर पहिल्यांदा निघालं. तिनंच मला पाणी दिलं. मी तिला माझंही सांगितलं. ती डोळे मोठे करून म्हणाली, "तुमाला बी? फौजदाराला बी?" आणि मग आम्ही दोघी इतक्या हसलो की सोनवणे साहेब काचेतून डोकावून गेले.

हसून झाल्यावर मी म्हणाले, "सोमवारी ऑपरेशन नको. आधी अजून एका डॉक्टरला दाखवू."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर रामनाथ मोटारसायकलवर हजर. गडी भांडायला आला नव्हता, घाबरून आला होता. तेच जास्त अवघड असतं.

"ताई, डॉक्टर म्हनला, ठिवली तर कॅन्सर व्हईल. उद्या काय झालं तर तुम्ही जबाबदारी घेनार का?"

प्रश्न रास्त होता. मी म्हणाले, "नाही घेणार. मी डॉक्टर नाही. मी चूक केलीय म्हणून आलेय मध्ये. बागेत भुरीचा रोग आला की तू एक पान बघून औषध मारतोस की चार वेली फिरून बघतोस?"

"फिरून बघतो."

"मग रविवारी अजून एक वेल बघू. त्या डॉक्टरनंही काढा म्हटलं तर सोमवारी मी स्वतः तिच्याबरोबर दवाखान्यात येईन."

त्यानं मोटारसायकलचा आरसा सरळ केला. मग म्हणाला, "एकच डाव."

रविवारी शहरात गंगापूर रोडवर एका डॉक्टर मॅडमकडे आम्ही तिघं गेलो. ओळखीच्या बाईंनी नाव सुचवलं होतं. मॅडम बोलायला मोकळ्या. त्यांनी आधी अर्धा तास नुसतं विचारलं आणि मग जे सांगितलं ते मी पुढे इतक्या जणींना सांगितलं की आता तोंडपाठ आहे. बाईचे बीजकोष एका रात्रीत काम थांबवत नाहीत. पाळी कायमची जायच्या आधी काही वर्षं, कुणाची दोन, कुणाची सात-आठ, त्यांची धरसोड चालते. म्हणून पाळी कधी लांबते, कधी धो-धो जाते. झोप उडते, चिडचिड होते, शब्द आठवत नाहीत, सांधे दुखतात. आणि वाफा? मेंदूत अंगाचं तापमान सांभाळणारी एक जागा असते. हार्मोन कमी-जास्त झाले की ती उगाच घाबरते. अंग तापलं नसतानाच तिला वाटतं तापलं, आणि ती घाम सोडून अंग गार करायला बघते.

"म्हणजे मेंदूही हात लावूनच ठरवतो म्हणा की," मी म्हणाले. मॅडमना काही कळलं नाही, चंद्रकलाला कळलं.

"पन मग अंगावर जातं ते?" रामनाथनं विचारलं. मान वर न करता, पण विचारलं.

"ते अंगावर काढायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "वयामुळे असेल असं म्हणून सोडून द्यायचं नाही आणि वयामुळे आहे म्हणून पिशवीही काढायची नाही. आधी तपासायचं. रक्त, थायरॉइड, सोनोग्राफी, आणि पिशवीच्या अस्तराचा एक छोटा तुकडा घेऊन तो तपासायला पाठवायचा. कॅन्सर आहे की नाही ते त्यातून कळतं. बघून, अंदाजानं नाही कळत."

"किती दिवस लागत्यात?"

"आठ."

"आठ दिवस थांबलं तर काय बिघडंल का?"

"काही नाही बिघडणार. काढलेली पिशवी मात्र परत बसवता येत नाही."

रामनाथनं बायकोकडे बघितलं. चंद्रकला म्हणाली, "थांबू." हा शब्द तिचा होता. सोमवार आला आणि गेला. ती दवाखान्यात नव्हती, लाइनच्या तोंडाशी उभी होती. तपासणीत रक्त फारच कमी निघालं होतं. गोळ्या सुरू झाल्या होत्या, आणि मी तिच्यामागे स्टूल ठेवलं होतं.

ते आठ दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. रोज माल यायचा, रोज कंटेनर भरायचा, आणि मी मनात एकच हिशोब मांडायचे की रिपोर्ट वाईट आला तर आठ दिवस मी खाल्ले. नवव्या दिवशी दुपारी वॉचमन बोलवायला आला. गेटवर रामनाथ. हातात पाकीट. तो नुसती मान हलवू लागला.

"अरे बोल ना!"

"काय नाय," तो म्हणाला. "काय बी नाय ताई. मॅडम म्हनल्या साफ हाय." आणि तो गडी गेटला टेकून लहान मुलासारखा रडायला लागला. मी आत धावत गेले. हॉलमध्ये धावायला बंदी, तो नियमही मीच केलेला. चंद्रकला घड तोलत होती. मी दुरूनच दोन्ही हात हलवून 'काही नाही' अशी खूण केली. तिनं घड डब्यात ठेवला, नीट बसवला, डबा पुढे सरकवला आणि मगच डोळ्यांना बाही लावली. एक नंबर ती एक नंबर!

पुढे लोहाच्या गोळ्या, जास्त जाण्याच्या दिवसांत घ्यायच्या वेगळ्या गोळ्या, कॅल्शियम, सकाळचं चालणं. दोन-तीन महिन्यांत अंगावर जाणं आटोक्यात आलं. वाफांसाठी हार्मोनच्या गोळ्याही असतात, पण त्या ज्याला त्याला चालत नाहीत, तपासून डॉक्टरनीच द्यायच्या. मला त्या दिल्या, चंद्रकलाला लागल्या नाहीत.

पण लाइनवर वाफ यायची ती यायचीच, आणि नियम तर खरा होता. थेंब मालावर पडता कामा नये. मग आम्ही बसून तोड काढली. मी रजिस्टरमध्ये एक नवा रकाना आखला: 'घाम, ताप नाही'. हात बंद, थर्मामीटर सुरू. वाफ यायच्या आधी अर्धा मिनिट बाईला कळतंच. मान तापते, छातीत धडधडतं. तिनं डावा हात वर करायचा आणि टेबलापासून मागे व्हायचं. तिची जोडीदारीण कात्री हातात घेऊन जागा धरेल. हिनं प्री-कूलिंगच्या बाहेरच्या बोळात पाच मिनिटं बसायचं, तोंड-हात धुवायचे, टोपी-मोजे बदलायचे, परत यायचं. पहिल्या दिवशी हात वर करणारी एकटी चंद्रकला होती. दुसऱ्या आठवड्यात सहा जणी झाल्या. इतकी वर्षं या बायका संडासाला जाते सांगून, मोबाइल आला सांगून, डोळ्यांत काही गेलं सांगून बाहेर पळत होत्या आणि मी त्यांना कामचोर समजत होते.

सोनवणे साहेबांना हे अजिबात पसंत नव्हतं. "देवरेताई, ऑडिटमध्ये मी काय सांगू? आमच्याकडे बायका घामाघूम होऊन पॅकिंग करतात?"

"खरं ते सांगा."

"तुम्हीच सांगा मग," म्हणून त्यांनी अंग काढून घेतलं.

ऑडिटर आला मार्चमध्ये. तिशीतला, शांत, बोटांनी टॅबवर सारखं काहीतरी टिपणारा. सगळ्यात वाईट जात. ओरडणारा ऑडिटर परवडतो. त्यानं रजिस्टर उघडलं आणि बोट नेमकं नव्या रकान्यावर ठेवलं.

"ही कामगार रोज दोनदा-तीनदा या रकान्यात आहे. तरी लाइनवर? आजारी आहेत का या?"

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. मी तोंड उघडणार इतक्यात पहिल्या टेबलावरून डावा हात वर गेला. योगायोग बघा, बाईला वाफ आली होती. चंद्रकला मागे झाली, जोडीदारणीनं कात्री धरली, आणि ही बोळाकडे न जाता सरळ आमच्यापुढे येऊन उभी राहिली. चेहरा लाल, कपाळावर घाम.

"साहेब, ती बाई मी. मला आजार नाय. माझी पाळी जायचा काळ आलाय, तुमच्या-आमच्या समद्या घरात येतो तसा. ताप हाय का बघायचं तर बघा." आणि तिनं खिशातला स्वतःचा थर्मामीटर काढून जिभेखाली ठेवला!

साठ बायकांचा हॉल, आणि कात्रीचा आवाज नाही. दोन मिनिटांनी तिनं थर्मामीटर त्याच्यापुढे धरला. त्यानं वाचला. मग म्हणाला, "घाम मालावर पडत नाही कशावरून?"

"माझे डबे फोडा की."

त्यानं खरंच फोडले. त्या दिवशी तिनं भरलेल्यातले बारा डबे उघडले, तोलले, मणी न् मणी बघितला. एका ठिकाणी लव पुसलेली नाही, एक वजन चुकलेलं नाही. मग तो बोळात गेला, बदलायच्या टोप्या मोजल्या, हात धुवायचं बघितलं, आणि परत येऊन टॅबवर टिपू लागला. साहेबांच्या कपाळावर आता चंद्रकलापेक्षा जास्त घाम होता.

जाताना ऑडिटर म्हणाला, "या रकान्याला मी त्रुटी लिहिलेली नाही. दुसरीकडे हा प्रश्न असतो, फक्त रकाना नसतो. तुमची पद्धत मी टिपून घेतलीय, चालेल ना?" हॉलमध्ये टाळ्या वाजवायला बंदी आहे, मोजे खराब होतात. त्या दिवशी साठ जोड्या मोजे खराब झाले आणि मी ते आनंदानं बदलून दिले.

संध्याकाळी मी जुनी रजिस्टरं काढून चाळली. "ताप. घरी पाठवले." वय त्रेचाळीस. वय सत्तेचाळीस. वय पंचेचाळीस. अक्षर माझंच. त्यांतल्या कितींना खरा ताप होता हे आता सांगता येणार नाही. जिंकल्याचा आनंद मला झाला, खूप झाला, पण ती पानं मला माफ करणार नाहीत.

माझा शेवटचा हंगाम त्यानंतर दोन वर्षांनी आला. चंद्रकला तोवर लाइनलीडर झाली होती. फेब्रुवारीतल्या एका सकाळी ती जेवणाच्या खोलीत पेढ्यांचा मोठा पुडा घेऊन आली आणि एकेकीच्या हातावर पेढा ठेवू लागली. बायकांना आधीच माहीत असावं, सगळ्या गालात हसत होत्या. तेवढ्यात सोनवणे साहेब आत आले.

"अरे वा, पेढे! सून बाळंत झाली का चंद्राबाई?"

"नाय साहेब. माझी पाळी गेली. कालच्याला वर्ष झालं बरोबर. मॅडम म्हनल्या, बारा महिने सलग नाय आली म्हंजे गेली असं धरायचं. आली तशी आईनं गोड केलं व्हतं, मग गेली म्हणून मी केलं. पिशवी जागच्या जागी, अन् मी माझ्या जागी. घ्या."

साहेब लाल झाले. मला वाटलं, आता पाय काढतील. पण त्यांनी पेढा घेतला, तोंडात टाकला आणि चघळत तिथेच उभे राहिले. बायका एकेक करून हॉलकडे निघाल्या. खोलीत आम्ही तिघंच उरलो तेव्हा ते हळूच म्हणाले, "अजून एक मिळेल का? घरी न्यायचा होता. आमच्या हिला... गेलं वर्षभर... ती डॉक्टर मॅडम कुठे बसते म्हणालात?"

मी पत्ता सांगायला तोंड उघडलं, पण चंद्रकलानं कागदात दोन पेढे गुंडाळून आधीच त्यांच्या हातात ठेवले होते.

"पत्ता नका विचारू साहेब," ती म्हणाली. "रविवारी वहिनींला तयार ठिवा. मी येते घ्यायला. पहिल्या डावाला एकटीला लाज वाटती."